खंडेनवमीला गप्प राहिलेला हूटर

१

दसऱ्याच्या सकाळी वीरधवलने उबवणीच्या मशीनचं दार उघडून एक अंडं उचललं, आणि ते थंड होतं.

थंड म्हणजे ओढ्यातल्या गोट्यासारखं. शेवटच्या आठवड्यातलं अंडं असं नसतं. तळहातावर घेतलं की आत कुणीतरी आहे हे हाताला कळतं. त्याने दुसरं उचललं, वरच्या ट्रेमधलं तिसरं उचललं, मोबाइलच्या उजेडावर धरून बघितलं. आत काही हललं नाही. मशीनभर गावरान पिल्लं कवचातच मेली होती.

आटपाडीहून म्हसवडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही वीरधवलच्या मालकीची हॅचरी. इथली पिल्लं आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया नेतात, अंगणात वाढवतात. या खेपेची वाट बघणाऱ्या कितीतरी होत्या.

वीरधवलने पॅनलकडे बघितलं. मेन चालू होता, कंट्रोलरवर आकडे दिसत होते, पंखा फिरत होता. फक्त हीटर बंद होता. आता तापमान उतरलं की बोंब मारायला बाहेरच्या खोलीत हूटर बसवलेला आहे. त्या हूटरच्या बरोबर खाली, खुर्चीवर, कालपासून ड्यूटीला हुसेन मुलाणी होता. हुसेन म्हणाला, "वाजला न्हाई, दादा. आईची आण, वाजलाच न्हाई."

वीरधवलने परीक्षा घेतली. झेंडूची माळ बाजूला सारून हीटरचं हिरवं बटण दाबलं, मशीन चांगलं तापू दिलं, मग हीटर तसाच ठेवून दोन्ही दारं सताड उघडली. तापमान घसरलं आणि हूटर असा किंचाळला की रस्त्यापलीकडची कुत्री उठून भुंकायला लागली. दारं लावल्यावर, मशीन पुन्हा तापल्यावर, तो आपोआप गप्प झाला.

"आता बोल," वीरधवल म्हणाला.

हुसेनला बोलता आलं नाही. गावाला मात्र आलं. काल खंडेनवमी होती, मशीनची पूजा झाली होती आणि पूजेनंतर मशीनपाशी एकटा मुलाणी राहिला होता. काही लोकांना एवढा पुरावा पुरतो. त्यांना तो न्याहारीआधी मिळाला तरी चालतो.

वीरधवलने हुसेनचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पूजा झालेलं मशीन मुद्दाम बंद पाडणारा हाच.' आणि हुसेनला सांगितलं, "दिवस मावळायच्या आत कबूल हो. नाहीतर पोलीस येतील."

दुपारपर्यंत गेटवर माणसं जमली होती.

२

हॅचरीचे सुपरवायझर सुभेदार नाथाजी. गाव म्हसवड, उभी हयात फौजेत. खंडेनवमीला ते सिद्धनाथाच्या दर्शनाला घरी गेले होते, ते दसऱ्याला सकाळी परतले आणि हे बघून त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडला फोन लावला.

"माया मॅडम, इन्क्वायरी झाल्याबिगर आमी कुनाला शिक्षा केली न्हाई कवा. तुमी या. मशीन निर्दोष हाय का, तेवढं बगा."

माया लोंढे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोलर, सेन्सर, मीटर तपासायचं वर्कशॉप चालवते. कराडला इन्स्ट्रुमेंटेशन शिकली. नम्र वगैरे अजिबात नाही. साखर कारखान्याच्या चीफ इंजिनिअरला तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, की तुमचं मीटर खरं बोलतंय आणि तुम्ही खोटं. बाईमाणसाने असं बोलू नये म्हणणारे पुष्कळ आहेत. मीटर बिघडलं की तेच तिच्या दारात उभे असतात.

ती आली ती थेट मशीनच्या खोलीत गेली. उंबऱ्यावर रांगोळी विस्कटलेली होती. पॅनलवर झेंडूची माळ अजून लोंबत होती. तिने माळ काढली नाही. एका बोटाने उचलून खाली काय आहे ते बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"काय बघताय?" वीरधवल मागून म्हणाला.

"कुंकू. पूजा चांगली केलीत. एक बटण सोडलं नाही."

खरंच सोडलं नव्हतं. हिरव्या बटणावर, तांबड्या बटणावर, मेनच्या दांडीवर, सगळीकडे काल ओल्या कुंकवाचं बोट टेकवून वर अक्षतेचा दाणा लावला होता.

"हीटर बंद करायचा तर हे तांबडं बटण दाबावं लागतं. बरोबर?"

"बरोबर. हुसेनने तेच दाबलं."

"कशाने? फुंकर मारून?"

तांबड्या बटणावरचं कुंकू सुकून कडक झालं होतं. दाणा जागच्या जागी होता. बोट टेकलं असतं तरी तो पडला असता.

माया बाहेरच्या खोलीत आली. हूटर गप्प करायचं बटण भिंतीवर, हुसेनच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. हूटर वाजला आणि हुसेनने तो बंद केला, हाच तर आरोप होता. तिने चष्मा कपाळावर सरकवून बटण जवळून बघितलं.

कुंकू अखंड. वर तांदळाचा दाणा.

"सुभेदारसाहेब," ती म्हणाली, "हे बटण पूजेपासून कुणी दाबलेलं नाही. म्हणजे हूटर कुणी गप्प केला नाही. तो स्वतःच गप्प बसला."

"पण तो चांगला आहे," वीरधवल म्हणाला. "सकाळी अख्ख्या गावाने ऐकलाय."

"तेच तर," माया म्हणाली आणि हुसेनला हाक मारली.

३

हुसेन भिंतीला पाठ लावून बसला होता. तिशीचा, हाताला काम नसलं की हातांचं काय करावं हे न कळणारा माणूस.

"आत जाऊन आकडा का बघितला नाहीस रे?"

"पूजा मांडल्याली, ताई. शिलंगनापतोर मशीनला हात लावायचा न्हाई, दादांनीच सांगितलं. दारात रांगुळी हुती. ती वलांडून जायाचं म्हंजे… बरं दिसत न्हाई."

"आणि मशीन बिघडलं असतं तर?"

"हूटर हाय की डोक्यावर. साहेबांचा हुकूमच हाय, त्यो बोलला तर पळ, न्हाई बोलला तर बस. मी बसलो."

"लाइट जाऊन आली की हीटर आपोआप सुरू होतो?"

"न्हाई. हिरवं बटान दाबाय लागतं. दर टायमाला मीच दाबतो."

"मग काल?"

"काल लाइट गेलीच न्हाई."

माया थांबली. "खंडेनवमीला मशीन बंद करूनच पूजतात. काल पूजेच्या वेळी मेन बंद केला होता, तुला माहीत नव्हतं?"

हुसेनने मान वर केली. त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. "मी बाहीर हुतो, ताई. चपला राखायला."

हे वाक्य नीट वाचा. ज्या माणसाला ते हिरवं बटण ठाऊक होतं, वर्षभर जो ते दाबत आला होता, त्याला पूजेला दाराबाहेर चपलांपाशी उभं केलं होतं. आणि ज्याने दुसऱ्याच्या सणाचा नेम पाळून रांगोळी ओलांडली नाही, त्याच्यावर तोच नेम मोडल्याचा आळ घातला.

मायाने इलेक्ट्रिशियन अर्जुनाला बोलावलं. अर्जुनाचं आणि हुसेनचं दिवाळीच्या सुट्टीवरून भांडण झालेलं होतं आणि काल पक्कड घेऊन हूटरजवळ तोच दिसला होता.

"लायटिंगच्या माळा लावत हुतो, मॅडम. हूटरची वायर मी कशाला तोडू? भांडान माझं हुसेनशी, हूटरशी न्हाई."

"तोडली असतीस तर सकाळी वाजला नसता. एवढी अक्कल आहे मला. मेन परत कुणी टाकला?"

अर्जुनाने वीरधवलकडे बघितलं, मग जमिनीकडे. "दादांनी. मी शिडी घिऊन गेटवर गेल्तो तवा."

"पूजेसाठी मशीन किती वेळ उघडं होतं?"

"दोन आरत्या झाल्या. मग फोटू. मग ज्यांचं डोळं मिटलं त्यांचं परत फोटू."

"आणि मेन टाकल्यावर हिरवं बटण?" मायाने वीरधवलला विचारलं.

"मेन टाकला की सगळं सुरूच होतं ना. पंखा फिरला, आकडे आले. मी बघितलं."

"हिरव्यावरचं कुंकू एकदाच पुसलंय. एकाच अंगठ्याने. तो अंगठा तुमचा, आज सकाळचा. म्हणजे काल पूजेनंतर ते कुणीच दाबलं नाही. ते माळेखाली झाकलेलं होतं. पिल्लं कुणी मारली नाहीत, दादा. तुम्ही विसरलात."

वीरधवलचा चेहरा उतरला, पण मालक माणूस, लगेच सावरला. "मान्य. विसरलो. पण मग हूटर वाजायला हवा होता की नको? तो त्यासाठीच आहे. माझी चूक झाकायला नव्हे, पकडायला. तो का वाजला नाही ते सांगा. नाहीतर हुसेन झोपला होता, एवढंच उरतं."

मुद्दा बिनतोड होता.

४

अंडी निवडायच्या खोलीत हुसेनची आई जन्नतबी बसली होती. मुलावर आळ आला तरी तिने हातातलं काम टाकलं नव्हतं. नव्या खेपेची अंडी पुसून ती ट्रेमध्ये टोक खाली करून लावत होती.

"चाची, मला एक सांगा. हा हूटर कधी खोटा वाजतो का?"

"आदी लय वाजायचा बग. नवी खेप घाटली, मशीन चालू केलं की झालं, हे बोंबलाय सुरू. मशीन तापस्तवर कान फुटायचं. गनपतीपासनं शाना झालाय."

"शहाणा म्हणजे?"

"आता सुरू करताना वरडत न्हाई. गपगुमान बसतो. मी म्हनलं, शिकला वाटतं. मानसं शिकत न्हाईत, यंत्र तरी शिकलं."

माया हसली नाही. ती उठून सुभेदारांकडे गेली. ते गेटवर, जमावाकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे होते. गेली अर्धी दुपार त्यांनी एकालाही आत येऊ दिलं नव्हतं.

"साहेब, गणपतीत कुणी कंट्रोलरला हात लावला होता?"

"पॅनेलची किल्ली माझ्यापाशी. कोड मला एकट्याला ठावं. मीच लावला हुता."

"काय केलंत?"

"सेक्युरिटी वाढवली," नाथाजी म्हणाले. "मॅडम, हितं सगळं ढिलं हुतं. हुसेनला मी शिस्त लावली. ड्यूटी म्हंजे स्टँडबाय, त्याला सांगितलं. बूट पायात, डोळं उघडं, आवाज आला की दोन मिंटात जागेवर. डोंगरावर आमी असं म्हयने काढल्यात. आन त्यो पोरगा तसा बसतो, मी सोता बगितलंय. म्हनून तर माझा इस्वास बसंना का त्यो झोपला."

माया त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हॅचरीतल्या सगळ्यांना आत बोलवा. कालची पूजा परत करायची. आरती वगळून."

५

मेलेली अंडी मशीनमध्ये तशीच होती. मायाने मेन बंद केला, दोन्ही दारं उघडली आणि सगळ्यांना चहा प्यायला लावला. चहा झाला, दुसरा झाला. वीरधवल घड्याळ बघायला लागला तशी ती म्हणाली, "फोटो काढायचे असतील तर काढून घ्या. काल काढले होतेत."

मशीन निवलं. तिने दारं लावली, मेन टाकला. हिरव्या बटणाला हात लावला नाही. आकडे उजळले, पंखा फिरला. मग ती सगळ्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन आली आणि हुसेनला त्याच्या खुर्चीत बसवलं.

"आता ऐका."

खालची हद्द छत्तीस अंशांची. आतला आकडा त्याच्या कितीतरी खाली होता आणि आणखी उतरत होता. अर्जुना आतून वाचून सांगत होता. "तीस." मग, "एकोनतीस." हूटर भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यावर. जन्नतबी पदर तोंडाला लावून दारात उभी होती. अर्जुना पुन्हा म्हणाला, "अजून उतरतंय." हूटरमधून हूं की चूं नाही.

वीरधवल ताडकन उठला. "सकाळी तर…"

"सकाळी तुम्ही आधी तापवलं. थांबा."

तिने आत जाऊन हिरवं बटण दाबलं. मशीन तापत गेलं, आकडा छत्तीस ओलांडून साडेसदतीसला टेकला. मग तिने हीटर बंद केला आणि दारं उघडली. आकडा खाली आला, छत्तिसाच्या खाली गेला, आणि हूटर कोकलला. जन्नतबीने कान झाकले. हुसेन मात्र त्या आवाजाकडे तोंड वर करून बघत राहिला, जणू कुणी त्याच्या बाजूने बोलायला उभं राहिलंय.

"आता त्याला गप्प कर," माया त्याला म्हणाली. "दाब बटण. दाणा पडू दे."

शांत झाल्यावर ती सुभेदारांकडे वळली. "साहेब, कोड टाका. अलार्मचा प्रकार कुठला निवडलाय ते सगळ्यांना वाचून दाखवा."

नाथाजींनी कोड टाकला, पडद्यावरचा शब्द वाचला आणि ताठ उभे राहून म्हणाले, "स्टँडबाय. आदी साधा हुता. मी स्टँडबायवर टाकला. हुशार र्‍हावा म्हनून."

"फौजेत स्टँडबाय म्हणजे रायफल धरून बसलेला गडी," माया म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला होता. "या डब्यात त्याचा अर्थ उलटा आहे. मशीन सुरू करताना ते गारच असतं. तेव्हा हूटर उगाच बोंबलू नये म्हणून ही सोय. मेन टाकल्यापासून तापमान एकदा हद्दीत येईपर्यंत अलार्मने गप्प बसायचं. एकदा आलं, की मग जागं व्हायचं. म्हणून चाचींना तो शहाणा वाटला. काल मेन टाकला तेव्हा मशीन गार होतं. हीटर सुरूच नव्हता, मग ते हद्दीत येणार कसं आणि हा जागा होणार कसा?" ती वीरधवलकडे वळली. "तुम्ही सकाळी आधी तापवून त्याला उठवलंत, आणि मग विचारलंत, झोपला होतास का."

सुभेदारांनी हुसेनच्या खुर्चीकडे बघितलं.

"मंग हुसेन…" नाथाजी म्हणाले.

"हुसेन जागा होता. तो ज्याच्या भरवशावर बसला होता, तो झोपला होता."

"आन त्याला मी झोपवला."

ज्या माणसाने यंत्र निर्दोष ठरवायला मायाला बोलावलं, त्याचंच बोट शेवटी सापडलं होतं. दुसरा कुणी असता तर कोड विसरल्याचं सोंग केलं असतं. या म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर कोड टाकला आणि शब्द मोठ्याने वाचला.

६

वीरधवलने दार लोटून घेतलं. "हे बघा, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे. बाहेर सांगू, फ्यूज उडाला होता. सुभेदारांचं वय झालंय, त्यांची शोभा कशाला? हुसेन, तू उद्यापासून ये."

इथे चांगली चांगली माणसं मान डोलावतात. फ्यूज बिचारा काही बोलत नाही.

"दादा," हुसेन म्हणाला, "फ्यूज उडाला म्हनलं तर लोक म्हननार, मुलाण्यानं उडवला."

"अरे, मी सांगतो ना त्यांना."

"तुमी सकाळी बी सांगितलं."

जन्नतबी काहीतरी बोलायला पुढे आली, तोवर नाथाजी दार उघडून चालायला लागले होते. अंगणातून ते सरळ गेटवर गेले, टाचा जुळवल्या आणि परेडला लावायचा तो आवाज लावला. आत बसलेल्यांनाही शब्द न शब्द ऐकू आला.

"गाववाल्यांनू, ऐका. अलार्म मी, नाथाजीनं, चुकीचा लावला. अर्थ ठावं नसताना लावला. हीटरचं बटान दाबायचं मालक इसरलं. पिल्लं आमा दोघांच्यानं मेली. हुसेन पोस्टवर हुता. पुरा टाइम पोस्टवर हुता."

गेटवर कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "आवं, पर ग्रुपवर तर…"

"ग्रुपवर काय हाय ते मला म्हाईत हाय," नाथाजी म्हणाले आणि मागे वळले. वीरधवल अंगणाच्या मध्यावर येऊन थांबला होता. त्याला पुढे जावंसं वाटत नव्हतं आणि मागे हुसेन उभा होता.

"उद्या येशील ना रे?" त्याने हुसेनला हळूच विचारलं.

"यीन की. मशीन काय, मला आवडतंय ते. पर माझा फोटू जितं टाकला, तितं त्याच्याखाली तुमचा टाका. आन लिवा काय झालं ते. मग यीन."

वीरधवलने मायाकडे बघितलं. ती तिचं सामान पेटीत भरत होती, तिने वर बघितलंच नाही. त्याने सुभेदारांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला.

"द्या फोन. मी काढतो. आदी माझा टाका, मग तुमचा." त्यांनी फोन लांब धरून स्वतःचा फोटो काढला, मग मालकापुढे उभे राहिले. "सरळ हुबं र्‍हा. मान वर."

"सुभेदार, काय हे."

"डोळं मिटू नका. मिटलं तर परत काढाय लागंल."

अर्जुनाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. वीरधवल भिंतीला टेकून बराच वेळ लिहीत राहिला. एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं. जन्नतबी शेजारी जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने लेकाला बोलावून घेतलं.

"काय लिवलंय, वाच."

हुसेनने वाचलं. "चूक माझी आणि सुभेदारांची. हुसेन मुलाणीवर खोटा आळ घेतला. माफी मागतो."

"पुरं हाय का?"

हुसेनने जरा विचार केला. "पुरं हाय."

वीरधवलने बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गेटवर उभ्या माणसांच्या खिशांत, एकामागून एक, फोन वाजायला लागले.